परकार बाईंचं पांढरं बटण

त्या दिवशी सकाळी धुकं असं बसलं होतं, की फाटकातून आत शिरलेला माणूस बघता बघता पुसला जायचा आणि मागे नुसता त्याचा खोकला उरायचा. बाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी विद्यापीठात आल्या होत्या. परीक्षा विभागाची तळघरातली खोली उघडायची, प्रश्नपत्रिकांची पाकिटं फळीवरून काढून दिव्याखाली धरायची, लाखेची मोहर हलली नाही ना ते अंगठ्याने चाचपायचं आणि पाकीट पुढच्या टेबलावर सरकवायचं, हे त्यांचं सकाळचं काम. खरं तर ते त्यांच्या पायरीचं नव्हतं. उपकुलसचिव झालेल्या माणसाने मोहरा चाचपत बसू नये, असं खालचे अधीक्षक आडून आडून सुचवून थकले होते. पण बाईंचा अंगठा लाखेला सरावलेला. फोडून पुन्हा चिकटवलेली मोहर थोडी जास्तच गुळगुळीत लागते, असं त्या सांगत, आणि ते खरंही असावं, कारण त्यांच्या हाताखालून तसं पाकीट कधी निसटलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र एका पाकिटावर अंगठा उगीचच रेंगाळला. बाजूला उभ्या असलेल्या शिपायाने विचारलं, मॅडम, काही खोट आहे का. बाई म्हणाल्या, नाही रे, माझंच लक्ष नाही. हे वाक्य त्याने आजवर त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. चहाला गेल्यावर त्याने ते दोघातिघांना बातमीसारखं सांगितलं.

लक्ष नसायचं कारण आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे विद्यापीठाची सराव शाळा. शिक्षक होऊ घातलेली मुलं-मुली तिथे शिकवायचा सराव करतात, म्हणून सराव शाळा. बाकी शाळा चारचौघींसारखीच. तिथली भूमिती शिकवणारी बाई नवऱ्याच्या बदलीमुळे सोडून गेली होती, आणि त्या जागेवर आपल्याला घ्या, असं आमच्या या बाईंनी सांगितलं होतं. त्यासाठी दुपारी नववीवर एक तास घेऊन दाखवायचा होता. तास पसंत पडला की खुर्ची, घंटी, दारावरची पाटी सगळं मागे टाकून त्या पुन्हा खडू हातात धरणार होत्या. निवृत्ती उंबऱ्यावर येऊन उभी होती. हे हुकलं तर पुन्हा नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि वर्गावर जाऊन इतका काळ लोटला होता, की त्यांनी शिकवलेल्या पोरांची पोरं आता विद्यापीठाच्या परीक्षेला बसत होती.

हे असं कसं झालं, हे बाईंनाही धड सांगता यायचं नाही. कुणी ढकललं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं.

नोकरीची सुरुवात बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंच्या जागेवर झाली. गावाबाहेरची पत्र्याची शाळा. वारा सुटला की छप्पर वाजायचं आणि शिकवणं थांबवावं लागायचं. त्या बाईंचं बाळ जरा सावकाश मोठं होवो, असं आपल्या मनात येऊन गेलं होतं, आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटली, असं बाई पुढे हसत सांगायच्या. बाळ वेळेवर मोठं झालं. बाईंना दुसऱ्या, मोठ्या शाळेत कायमची जागा मिळाली.

पहिल्याच दिवशी फळ्यावरचा लाकडी परकार मोडलेला निघाला. एक पाय होता, दुसरा कुणीतरी पट्टी म्हणून नेला होता. बाईंनी खांदा घट्ट धरला, कोपर सैल सोडलं आणि एका फेऱ्यात वर्तुळ काढलं. मागच्या बाकावरच्या एका आगाऊ पोराने दोरी लावून मोजलं. वर्तुळ कुठेच चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचं नाव परकार बाई पडलं ते पडलंच. पालक भेटायला यायचे तेही परकार बाई आहेत का म्हणून विचारायचे, आणि मग जीभ चावायचे.

पण वर्तुळ हा नुसता हात झाला. बाईंची खरी करामत वेगळी होती. पोर कुठे अडलंय ते त्यांना त्याच्या वहीआधी त्याच्या कपाळावर दिसायचं. एका मुलीचे सगळे कोन चुकायचे. वर्गाने तिला ढ ठरवून टाकलेलं. बाई तिच्या बाकाशी उभ्या राहिल्या, नुसतं पाहत. कोनमापकावर आकड्यांच्या दोन रांगा असतात, आणि ही पोर डावखुरी. ती दर वेळी नको ती रांग वाचत होती. बाईंनी फक्त बोट ठेवून दाखवलं, तुझी रांग ही. पोरगी त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू बाईंनी तिच्या कानात काही चोरून सांगितलं. शिकवणं म्हणजे बाईंच्या लेखी एवढंच होतं. अडलेलं दिसणं आणि बोट ठेवणं.

मग त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

शाळेचं वेळापत्रक हे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं जनावर असतं. मुख्याध्यापक स्वतः गणिताचे, पण दरवर्षी शाळा उघडायच्या सुमाराला त्यांचं घोडं तिथेच अडायचं. एका तासाला एकच शिक्षक दोन वर्गांत, आणि तिसऱ्या वर्गात कुणीच नाही. विज्ञानाच्या सरांना शेवटचा तास नको, कारण बस चुकते. खेळाच्या सरांना जेवणानंतरचा तास नको, कारण पोटात कळ येते. ज्यांना काहीच अडचण नव्हती ते, आपल्याला का नाही अडचण, म्हणून रुसायचे. शाळा उघडली की पहिले काही दिवस शिक्षकखोलीत कुणी कुणाशी सरळ बोलत नसे.

बाईंची धाकटी बहीण कपडे शिवायची. तिच्या दुकानात एका सुट्टीच्या दिवशी बाई तिला बटणं निवडायला मदत करत होत्या, आणि तिथे त्यांना सुचलं. घरी येऊन त्यांनी चौकड्यांची चादर जमिनीवर अंथरली. उभ्या ओळी तासांच्या, आडव्या वर्गांच्या. प्रत्येक शिक्षकाला एका जातीचं बटण. खेळाच्या सरांना कोटाचं जाड काळं. चित्रकलेच्या बाईंना फुलाच्या आकाराचं गुलाबी, झबल्याला लावतात तसलं. त्यावरून त्या बाई आठवडाभर फुरंगटून बसल्या होत्या. मुख्याध्यापकांना पितळी, मागे कडी असलेलं. ते एका जागी सरळ बसायचंच नाही. माणसासारखंच आहे, असं बाईंचा नवरा म्हणायचा. बाईंनी स्वतःसाठी ठेवलं सदऱ्याचं साधं पांढरं.

चादरीवर बटणं मांडली की गुंता नुसता डोळ्यांना दिसायचा. एका उभ्या ओळीत एकाच जातीची दोन बटणं आली की भांडण आलं. इकडचं तिकडे सरकवत बाई ते सोडवत जायच्या. एकदा नवरा चुकून चादरीच्या कोपऱ्यावर बसला, आणि आठवीचा आख्खा शनिवार घरंगळत पलंगाखाली गेला. दोन दिवसांत वेळापत्रक तयार. शाळेत कुणी रुसलं नाही. मुख्याध्यापकांनी भर सभेत सांगितलं, की ही बाई म्हणजे शाळेला लागलेला शोध आहे.

पण चादरीवर एक गोम होती. शेवटी कुठेतरी एक गाठ अशी उरायचीच, की जी कशाने सुटायची नाही. कुणाचं तरी बटण उचलायला लागायचं. ज्याचं उचलाल तो दुसऱ्या दिवशी दारात उभा. फक्त एक बटण असं होतं, की जे उचललं तर कुणी भांडायला येत नव्हतं. बाई आपलं पांढरं बटण उचलायच्या, आपला तास दुसऱ्या कुणाला तरी द्यायच्या, चौकट मोकळी व्हायची आणि गाठ सुटायची. ही चूक वेळापत्रक करणाऱ्यालाच करता येते, दुसऱ्या कुणाला साधायची नाही. पहिल्या वर्षी नववीचा एक तास गेला. बाई म्हणाल्या, एकच तर आहे. दुसऱ्या वर्षी दहावीचा आख्खा वर्ग गेला. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तेवढाच तुम्हाला मोकळा वेळ, पर्यवेक्षणाचं बघता येईल. बघता बघता बाई पर्यवेक्षिका झाल्या. अभिनंदनाचे हार झाले, चहा झाला.

ज्याला काम येतं त्यालाच काम मिळतं. आसपासच्या शाळांची वेळापत्रकं यायला लागली. मग शहरातल्या परीक्षा केंद्राने बोलावून घेतलं. मग एक दिवस विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा माणूस आला. तिथे कॉलेजांच्या परीक्षांचा बोजवारा उडाला होता. एकाच मुलाचे दोन पेपर एकाच वेळी आले होते आणि पोरांनी खिडक्या फोडल्या होत्या. तात्पुरत्या या, असं तो माणूस म्हणाला. तात्पुरत्याइतकं टिकाऊ या जगात दुसरं काही नसतं, हे बाईंना तेव्हा कुणी सांगितलं नाही.

त्या शाळेतला एक वर्ग तरीही त्यांनी धरून ठेवला होता. सकाळचा पहिला तास. तो घ्यायचा आणि तिथून धावतपळत विद्यापीठ गाठायचं. पदराला खडू लागलेला असायचा, आणि कचेरीत लोक तो झटकून घ्या म्हणून सांगायचे. मग एका वर्षी सत्राच्या मध्येच एक सर सोडून गेले, म्हणून शाळेने पुन्हा चादर मांडायला सांगितली. शेवटची गाठ उरली. बाई रात्रीचं जेवण होईपर्यंत थांबल्या, मग उठून आल्या आणि शेवटचं पांढरं बटण उचललं. वर्ग वर्तुळाच्या धड्यात अर्ध्यावर होता. सोमवारी पुढचं बघू, असं सांगून त्या आल्या होत्या. तो सोमवार काही आला नाही.

पुढचं सगळं जिना चढावा तसं. अधीक्षक, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव. खोलीला पडदा लागला. त्या जाताना लोक उठून उभे राहायला लागले. बाईंच्या मॅडम झाल्या. कॉलेजचे प्राध्यापक, पालक, पुढारी येऊन टेबलापुढे बसायचे, पेपर पुढे घ्या म्हणायचे, केंद्र बदला म्हणायचे. पहिली काही वर्षं बाई त्यांचं सगळं ऐकून घ्यायच्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की ऐकलं तर काम उरकत नाही. माणूस तोंड उघडायच्या आत त्या हात पुढे करून म्हणायच्या, लेखी द्या, बघून सांगते. याने अर्धी माणसं तिथूनच परत जायची. कचेरीत याला कसब म्हणतात.

घरात एक मुलगी होती, ती याच काळात शाळेत होती. तिचं भूमितीशी जमेना. परकार बाईंची लेक शेजारच्या आळीत शिकवणीला जायची, हे नातेवाइकांना मोठं गमतीचं वाटे. ती काठावर पास झाली आणि पुढे भूमिती लागणार नाही अशा वाटेने निघून गेली. आता ती दुसऱ्या गावी असते. फोनवर आईला ती तब्येत विचारते. त्या विषयावर दोघीही कधी बोलल्या नाहीत.

आणि मग परीक्षा विभागातलेच एक जुने गृहस्थ निवृत्त झाले. निरोपाच्या सभेला बाई पहिल्या रांगेत होत्या. भाषण करणाऱ्याने गृहस्थांचं सगळं आयुष्य धुंडाळून पाहिलं असावं. शेवटी तो म्हणाला, की यांच्या काळात एकही परीक्षा पुढे ढकलली गेली नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई टाळ्या वाजवता वाजवता थांबल्या. पुढची सभा त्यांची होती, आणि वाक्य हेच असणार होतं.

घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आत नवऱ्याला सांगितलं, मला परत शाळेत जायचंय. नवरा औषधांच्या दुकानात काम करून आयुष्य काढलेला, घाईने बोलायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, जा की. मग थोड्या वेळाने म्हणाला, घेतील का.

कुलसचिव वयाने बाईंहून लहान, बोलायला लोण्यासारखा. त्याला हे पटेना. उपकुलसचिव शाळेत शिकवायला जाणार, म्हणजे नाकापेक्षा मोती जड होतोय की मोत्यापेक्षा नाक, हे त्याला कळेना. कचेरीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, मॅडमचं वर काहीतरी बिनसलं. कुणी म्हणालं, चौकशी लागणार असेल, त्याआधी सटकतायत. शेवटी कुलसचिवाने गोडीने एक पाचर मारली. सराव शाळेत कुणालाही तास पाहिल्याशिवाय घेत नाहीत, मोठा असो की छोटा. तो तास पसंत पडला तर आपण सही करू. त्याच्या मनात असं होतं, की बाई या वयात परीक्षा द्यायला तयार होणार नाहीत. बाई लगेच तयार झाल्या.

सराव शाळेची मुख्याध्यापिका म्हणजे दुसरं तिसरं कुणी नव्हतं. ती तीच, जुन्या शाळेतली चित्रकलेची बाई, झबल्याच्या बटणाची. दोघींची मैत्री टिकली होती ती भांडून भांडून. तास घ्यायला येतेय म्हटल्यावर ती फोनवर म्हणाली होती, "ये बाई, ये. माझे तास इकडचे तिकडे सरकवून तू मोठी झालीस. आता मी मागच्या बाकावर बसून तुझा तास बघते."

दुपारपर्यंत धुकं विरलं, पण ऊन काही पडलं नाही. आकाश राखेसारखं होतं. बाई आवार ओलांडून सराव शाळेत गेल्या. वर्ग उठून उभा राहिला. मैत्रीण मागच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, शहाण्या पोरीसारखी बसली होती.

बाईंनी खडू घेतला. खांदा घट्ट, कोपर सैल. एका फेऱ्यात वर्तुळ पुरं झालं, आणि टोकाला टोक असं मिळालं की सांधा दिसेना. वर्गातून हुंकार उठला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हात विसरला नव्हता.

मग त्या बोलायला लागल्या. स्पर्शिका म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं. वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा. त्यांनी वर्तुळाच्या कडेला एक रेषा टेकवून दाखवली. पुढे नियम पहिला, नियम दुसरा, आणि त्यातून निघणारी गोष्ट. सगळं बरोबर होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पोरं मुकाट्याने लिहून घेत होती. बाईंचा आवाज स्वच्छ, सारखा चालला होता, एखादं परिपत्रक वाचून दाखवावं तसा. तसं होतंय हे त्यांना बोलता बोलता ऐकू येत होतं, पण थांबवायचं कसं ते सुचत नव्हतं. आणि वर्गाकडे पाहताना नजर सारखी तिसऱ्या रांगेशी अडखळत होती. तिथल्या दोघी फार जवळ बसल्या होत्या.

खिडकीजवळची एक मुलगी बऱ्याच वेळापासून लिहीत नव्हती. तिने वहीत वर्तुळ काढलं होतं, रेषा काढली होती, आणि त्या दोन्ही जिथे टेकतात तिथे डोळा बारीक करून, वही नाकाशी नेऊन ती पाहत होती. तिने हात वर केला. उभी राहून म्हणाली, "बाई, पण रेषेला जाडी असते ना? मग ती एकाच बिंदूला कशी लागेल? माझी तर खूप ठिकाणी लागतेय."

बाईंचा हात पुढे आला. तळवा वर, टेबलापलीकडच्या माणसापुढे यायचा तसा.

"लेखी द्या," बाई म्हणाल्या. "बघून सांगते."

वर्ग हसला. पोरांना वाटलं, बाईंनी गंमत केली. मागच्या बाकावर मैत्रीणही हसली. मुलगी कानापर्यंत लाल झाली, खाली बसली. तिने खोडरबर काढलं आणि वहीतली ती रेषा पुसायला घेतली. रेषा पुसली, मग वर्तुळही पुसलं, मग फळ्यावरचं आहे तसं उतरवून काढलं. बाई ते पाहत होत्या. त्यांच्या ओठांशी काहीतरी यायला पाहत होतं, पण तेवढ्यात नियम तिसरा आला, आणि त्या तो सांगू लागल्या. घंटा झाली तेव्हा तास बरोबर घंटेवर संपला होता. वेळेत संपवणं तर त्यांच्या हाडात होतं.

शिक्षकखोलीत मैत्रिणीने चहा मागवला. पसंत, ती म्हणाली. वर्तुळ तर असं काढलंस, की माझ्या चित्रकलेच्या मास्तरांनाही जमलं नसतं. आणि ती लेखी द्याची गंमतही बरी केलीस, पोरं खुलली. शनिवारीच रुजू हो, भूमितीवाचून नववी वाऱ्यावर आहे.

बाईंनी कप हातात घेतला नव्हता. "गंमत नव्हती गं ती."

मैत्रिणीला आधी कळेना. कळलं तेव्हा ती पुन्हा हसायला गेली आणि थांबली.

"होतं असं," ती म्हणाली. "कचेरीची सवय आहे. तोंडात बसतो शब्द."

"तोंडाचं सोड. वर्गात शिरल्या शिरल्या मला काय दिसलं माहितीये? तिसऱ्या रांगेतल्या दोघी जवळ बसल्यात, कॉपी करतील. मला वर्ग दिसलाच नाही. परीक्षेची बैठक दिसली. ती खिडकीजवळची पोर इतका वेळ अडून बसली होती, तू पाहिलंस मागून. मी समोर होते, मला नाही दिसलं."

"मग येईल परत. दोन महिने जाऊ दे. हात बसला की डोळाही बसेल."

"आणि ते दोन महिने ज्या पोरांवर काढायचे त्यांचं काय? ती काय माझ्यासाठी जन्माला आलीत?"

मैत्रीण चिडली. तिला चिडल्यावर जुनं सगळं आठवायचं. ती म्हणाली, की तुझं हे असंच. तेव्हा चादरीवरून स्वतःचं बटण उचललंस, तेव्हाही तोंड असंच केलं होतंस, जणू काही दान करतेयस. कुणी सांगितलं होतं? आणि आज पुन्हा तेच करतेयस. मग मैत्रीण एकदम मऊ झाली. म्हणाली, निदान आठवडाभर ये, बघ तर खरं. बाईंनी चहा घेतला. तो थंड झाला होता. त्या म्हणाल्या, की तेव्हा बटण उचललं ते भांडण नको म्हणून. आज तसं नाही. आज त्या चौकटीत बसेल असं बटण माझ्याकडे नाही. मैत्रिणीने कप उचलून ठेवले. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने बाईंच्या खांद्यावरचा खडू झटकला, आणि झटकल्यावर तिलाच कसंनुसं झालं.

कुलसचिवाच्या खोलीत बाई उभ्यानेच बोलल्या. राहू द्या, म्हणाल्या, मी आहे तिथेच ठीक आहे. त्याने कारण विचारलं नाही. तो खुर्चीत मागे रेलला, त्याच्या चेहऱ्यावरचं लोणी जागच्या जागी आलं. म्हणाला, मॅडम, तुम्ही मला वाचवलंत, तुमच्यावाचून आमचं पान हलत नाही. आणि लागलीच पुढच्या सत्राच्या परीक्षेतली एक अडचण काढून बसला. तीन कॉलेजांत दोन विषयांचे पेपर एकमेकांवर चढत होते. बाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि अडचण कुठे सुटेल ते सांगितलं. त्याने कौतुकाने मान डोलावली.

बाहेर शिपाई उभा होता. मॅडम, जाताय का तिकडे, त्याने विचारलं. नाही जात, बाई म्हणाल्या. त्याला खरोखर आनंद झाला, आणि तो आनंद पाहून बाईंना त्या दिवसातलं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी नवरा दुकानातून लवकर आला होता. निकाल ऐकायला आलो, असं त्याने दारातच सांगितलं. बाईंनी सगळं सांगितलं, भाजी चिरता चिरता, काही न वगळता. त्याने मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाला,

"मला सांग, त्या पोरीला उत्तर काय होतं?"

बाईंची सुरी थांबली. त्या म्हणाल्या, की आपण काढतो त्या रेषेला जाडी असतेच. खडूची असते, पेन्सिलीची असते. खरी रेषा मनात असते, तिला जाडी नसते. फळ्यावर दिसते ती तिची नुसती खूण. त्या पोरीला हे आपलं आपण सापडत आलं होतं. तिला फक्त सांगायला हवं होतं, की तू बरोबर बघतेयस.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग उद्या जाऊन सांगून ये की. शाळा काय पळून जातेय?"

बाईंनी उरलेली भाजी चिरली. सालं एका बाजूला केली, फळी धुतली.

"उद्या पेपर आहे," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने मान हलवली. जेवणं झाली. धुऊन आलेली रजईची खोळ पलंगावर घडी करून पडली होती. ती एकट्याने घालता येत नाही. बाईंनी रजईची दोन टोकं खोळीच्या आतल्या कोपऱ्यांत बसवली आणि बाहेरून मुठीत धरली. खालचं तोंड नवऱ्याकडे दिलं. नीट धरा, अहो, त्या म्हणाल्या, मागच्या वेळी सगळी गोळा झाली होती. त्याने धरलं. दोघांनी मिळून ती उचलली आणि झटकली.